सहा अँपिअर

मंगळवार, ९ मे

लाइट गेले. माझ्यामुळे गेले. इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही.

सकाळी चिरंजीव आणि सूनबाई मुंगीला झोपाळ्यावर घेऊन गेले होते. मुंगी म्हणजे नात. गोड दिसलं की हजर, म्हणून मुंगी. गाडीत मी एकटी. या मोटरहोमला कपाटाएवढी मोरी आहे, दार लावलं की कोपर भिंतीला लागतं. आत बादली, बादलीत पाणी तापवायचा रॉड, त्याची वायर दाराच्या फटीतून ओट्यावरच्या प्लगला. रॉड ह्यांनी दिलेला. हे स्वतः आले नाहीत, गुडघ्यांमुळे घरीच राहिले, पण निघताना रॉड मात्र माझ्या बॅगेत कोंबला — ‘परक्या मुलखात गरम पाण्याचा भरवसा नाही, असू दे.’

पाणी जरा कुठे कोमट व्हायला लागलं आणि फ्रिजची घरघर बंद! बाहेर कुणीतरी ओरडलं.

इथे कॅम्पवर चार गाड्यांना मिळून एक खांब आहे. खांबावर हिरवा डबा, त्यात प्रत्येकाची वायर लावायची जागा आणि आत कुलपात एकच मोठा खटका. तो पडला की चौघांचेही लाइट जातात. मग ऑफिसातली बाई किल्ली घेऊन सायकलवरून येते, तोवर सगळे गाड्यांबाहेर उभे. आज एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून उभी होती, केसांना साबण तसाच.

मी घाईघाईने रॉड काढला. बोटं पोळली. पुसून, टॉवेलात गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला. आणि मग दारात जाऊन मीही बाहेर बघायला लागले — काय झालं असेल बरं, असा चेहरा करून!

समोरच्या जुन्या गाडीत एक आजोबा एकटेच राहतात. पाय अधू आहेत. विजेवर चार्ज होते ती तीनचाकी स्कूटर आहे त्यांच्याकडे, तिच्यावरूनच ते बाथरूमपर्यंत, दुकानापर्यंत जातात. मुंगी त्यांना ‘स्कूटरआजोबा’ म्हणते. ऑफिसातली बाई आली तेव्हा ते नेमके स्कूटरची वायर हातात धरून उभे. बाईने वायरकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं.

मीसुद्धा.

गरम पाणी कशाला हवं होतं ते उद्या लिहीन. आज हात होत नाही.

बुधवार, १० मे

लिहूनच टाकते. मला लघवी आवरत नाही.

थंडीपासून. आधी शिंकलं की, हसलं की थेंबभर. मग जिना उतरताना. हल्ली झोपेत. इतकी वर्षं शिवणाचे क्लास घेतले, किती बायका आल्या-गेल्या, मशीनच्या आवाजाआड कितीजणींनी हेच कानात सांगितलं मला. ‘डॉक्टरकडे जा, लाजायचं काय त्यात!’ असं ठणकावून सांगायचे. स्वतःवर आलं तर ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. सुती कापडाच्या घड्या शिवून आणल्या आहेत. कुणी विचारलं तर ‘पुसायची फडकी’ म्हणायचं, असं उत्तरही तयार होतं.

मुलाकडे दोन महिने राहायला म्हणून आले. त्यांच्या घरी मला वेगळी खोली, वेगळं बाथरूम. निभत होतं. मग चिरंजीवांच्या डोक्यात आलं — घरगाडी भाड्याने घेऊ, आईला सगळा देश दाखवू! नाही कसं म्हणणार? आणि म्हणायचं तर कारण काय सांगणार? चाकांवरची एकच खोली ही. मागे ते दोघं. पुढे जेवायचं टेबल खाली पाडलं की त्याचाच पलंग होतो, त्यावर मी आणि मुंगी.

पहिल्याच कॅम्पवर झालं. पहाटे गार लागलं म्हणून जाग आली. उठून कपडे बदलले. चादरीचं काय करावं या विचारात बसले होते तोवर सूनबाई चहाला उठली. दिवा लावला. मुंगी लोळत लोळत माझ्या जागेवर आलेली — बरोब्बर ओल्यावर.

“अगं मुंगे! पाच वर्षांची झालीस ना?”

तोंड उघडायला तेवढाच एक क्षण होता. मी उघडलं. आणि म्हणाले, “असू दे गं, लहान आहे. मी धुते.”

असू दे गं, लहान आहे!

काल सकाळी पुन्हा तेच. या वेळी मुंगी पाय रोवून उभी राहिली, “मी नाही केलं.” चिरंजीव चिडले. चादरीवर नाही, खोटं बोलण्यावर. “केलं तर केलं म्हणायचं. आजीला सॉरी म्हण. तिला किती काम पडतंय बघ.”

मुंगीने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “सॉरी, आजी.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझा हाच हात!

गुरुवार, ११ मे

दोन्ही पुन्हा. चादर आणि लाइट.

थंड पाण्याने वास जात नाही. गाडीच्या टाकीतलं गरम पाणी भांड्यांपुरतं. कॅम्पवर कपड्यांची मशीन आहेत, पण तिथवर जायचं म्हणजे ओलं बोचकं काखेत घेऊन सगळ्या रांगेसमोरून. म्हणून पुन्हा रॉड. म्हटलं, परवाचा योगायोग असेल. इथले लाइट तसेही धड कुठे आहेत? संध्याकाळी सगळे स्वयंपाकाला लागले की दिवे पिवळे पडतात, फ्रिज कण्हायला लागतो. स्वतःची समजूत घालायला कितीसं लागतं!

पाणी तापत आलं आणि खटका पडला.

या वेळी चिरंजीव झोपाळ्यापासून तरातरा परत आले. जागा ठरवताना म्हणे सोळा अँपिअर लिहिलं होतं, प्रत्यक्षात खांबावर गाडीमागे सहा. तो राग होताच. ऑफिसातल्या बाईवर काढता येईना, तर तो निघाला स्कूटरआजोबांवर. चारचौघांत. मला भाषा येत नाही, पण बोट कुणावर रोखलंय ते कळायला भाषा लागत नाही. आजोबांनी दोन्ही हात पसरले. तेच तेच काहीतरी म्हणत राहिले.

“काय म्हणतायत गं?” मुंगीला विचारलं. ती इथल्याच बालवाडीत जाते, तिला फडाफडा येतं.

“मी नाही केलं, असं म्हणतायत.”

दुपारी ह्यांचा फोन. पहिला प्रश्न — “रॉड चालतो का?” बायको कशी आहे हे नंतर! जन्मभर विजेच्या सामानाचं दुकान चालवलं, दुसरं सुचणार काय. लाइट जातात म्हटल्यावर ह्यांना चेवच आला. खांब कसा आहे, खटके किती, अँपिअर किती. सगळं सांगितलं.

“एकच खटका चौघांत? मग रॉड काढूच नकोस बॅगेतून. तो एकटाच साडेसहा ओढतो. त्यात सकाळच्या सगळ्यांच्या किटल्या. खटका पडेल नाही तर काय होईल!”

“मी लावलाच नाहीये अजून,” मी म्हणाले.

आता ह्यांच्याशीही.

शुक्रवार, १२ मे

रॉड लावला नाही. कपडे थंड पाण्याने धुतले, हात बधिर झाले. लाइट गेले नाहीत.

हे चांगलं झालं असं वाटलं होतं. तर ऑफिसातल्या बाईने आज सकाळीच आजोबांची वायर खांबावरून काढून ठेवली होती, काय होतं बघू या म्हणून. आणि काय, दिवसभर लाइट टिकले! सिद्ध झालं म्हणे. चिरंजीव खूश — “बघ, मी म्हटलं नव्हतं?”

मी शहाण्यासारखी वागले त्याच दिवशी त्यांच्यावर शिक्का बसला.

शनिवार, १३ मे

आजोबांची गाडी हलवली. ट्रॅक्टर आणून ओढत नेली खाली झाडांकडच्या मैदानात. तिथे खांबच नाही, त्यामुळे कुणाचे लाइट जायचा प्रश्न नाही. गाडीच्या छताला पत्र्याची ठिगळं आहेत, ती जाताना खडखडत होती. स्कूटर मागे दोरीने बांधलेली. मुंगीने हात हलवला. त्यांनीही हलवला.

“त्यांना का पाठवलं?”

“त्यांच्यामुळे लाइट जात होते, राणी,” चिरंजीव म्हणाले.

“पण ते म्हणाले ना, मी नाही केलं?”

“सगळेच तसं म्हणतात.”

मुंगी हळूच गाडीत जाऊन बसली.

जेवताना बघितलं, तिच्यापुढचा पेला भरलेला तसाच. संध्याकाळपासून पाणी बंद केलंय तिचं. वडिलांनी सांगितलंय म्हणून नव्हे — त्यांनी फक्त ‘कमी पी’ म्हटलं होतं. ही आपणहून एक घोट घेत नाही. ओठ कोरडे पडलेत पोरीचे.

मीही पीत नाही. दोघी तहानलेल्या शेजारी शेजारी झोपतो.

रविवार, १४ मे

आज जे पाहिलं ते लिहायला नको वाटतं, पण न लिहिता सुटका नाही.

सकाळी लवकर बाथरूमकडे निघाले होते. सगळे उठायच्या आत जाऊन येते मी. खालच्या मैदानातून वर यायला वाट आहे, बारीक खडीची, बऱ्यापैकी चढ. त्या वाटेवर आजोबा. दोन काठ्यांवर. स्कूटर नाही. असणार कशी, चार्ज कुठे करणार? खडीत काठी रुतायची, ती उपसायची, पुढे टाकायची, मग एक पाय, मग दुसरा. खांद्यावर टॉवेल, गळ्यात साबणाची पिशवी.

मी थांबले. पुढे जावं, हात द्यावा, असं मनात होतं. तेवढ्यात ते थांबले. बाथरूमचं दार समोर दिसत होतं, तरी थांबले. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. तो चेहरा मला ठाऊक आहे. आरशात पाहिलेला नाही मी, पण आतून ठाऊक आहे. आपण सगळा जीव एकवटून धरलेलं असतं आणि ते सुटतं, तेव्हा होतो तो चेहरा.

पँटवर डाग पसरत गेला. करडी पँट, पार गुडघ्यापर्यंत काळी झाली.

त्यांनी पिशवी पुढे घेतली. झाकायला. ती केवढीशी! आणि मग मान वर केली तर समोर मी.

मी तोंड फिरवलं. झाडाकडे बघत बसले, जणू झाडावर काही आहे. बायकांना ठणकावणारी मी! तिथे जाऊन उभी राहिले असते, नुसती शेजारी उभी राहिले असते, तरी त्यांना कळलं असतं की हिला कळतंय. तेही जमलं नाही.

ते माझ्या बाजूने पुढे गेले. जाताना इथल्या भाषेत ‘सुप्रभात’ म्हणाले. तेवढा शब्द मला येतो. त्या अवस्थेत तो माणूस मला सुप्रभात म्हणाला!

परत येऊन टेबलाशी बसले. सूनबाईने दोनदा विचारलं, “आई, बरं नाही का?” म्हटलं, डोकं दुखतंय.

डोक्याला काय झालंय माझ्या!

सोमवार, १५ मे

सांगितलं.

दुपारचा चहा. मुंगी बाहेर खडे गोळा करत होती. मी बॅगेतून रॉड काढला आणि टेबलावर ठेवला, कपबशांच्या मध्ये.

चिरंजीव आधी हसायलाच लागले. “आई! रॉड? बादलीत घालायचा रॉड? इथे आणलास?”

“लाइट याच्यामुळे जात होते. दोन्ही वेळा.”

हसू अर्ध्यावर राहिलं. “पण इतकं गरम पाणी कशाला लागायचं तुला?”

मग तेही सांगितलं. चादरीचं. सगळ्या चादरींचं. खाली बघूनच सांगितलं, कपाला टवका उडाला होता त्याच्याकडे बघत.

सूनबाईने विचारलं, “कधीपासून, आई?”

“थंडीपासून.”

“म्हणजे मुंगी खरं...” ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तरी चाललं असतं. पण ती एवढंच म्हणाली, “तिला मी सांगू का?”

“नाही. मी सांगेन.”

माझा मुलगा मात्र उठून उभा राहिला. गाडीत उभं राहिलं की त्याचं डोकं छताला लागतं, त्यामुळे मान वाकवून. “ठीक आहे. झालं ते झालं. आता हे ऑफिसात वगैरे कुणाला सांगायचं नाही. परवा निघतोच आहोत आपण.”

“आणि ते आजोबा?”

“जागा बदलली आहे त्यांची, तुरुंगात नाही टाकलेलं. आपण गेलो की येतील परत वर.”

“अरे, ते काठ्यांवर —”

“आई, मी त्या माणसाला चारचौघांत बोललोय! आता त्याच चारचौघांत जाऊन काय सांगू? आधीच इथे आपल्याकडे कसं बघतात ते तुला माहीत नाही. मी काय सांगू त्यांना, माझी आई...”

वाक्य पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

“मुंगीला तरी सॉरी म्हण,” मी म्हणाले.

“मुलं विसरतात गं.”

आणि रॉड उचलून त्याने सीटखाली सरकवला. मी टॉवेलात गुंडाळला होता ना, अगदी तसाच. घाईघाईने. मला माझ्या मुलाची लाज वाटली. आणि ती वाटते न वाटते तोच माझीच वाटली. हे दुसऱ्या कुणाचं बघून शिकला असेल तो?

मुंगीला आज सांगायचं होतं. तिने मला एक पांढरा खडा आणून दिला, ‘हा तुला’ म्हणून. नाही सांगवलं.

मंगळवार, १६ मे

आजचं सविस्तर लिहायला हवं.

चिरंजीव आणि सूनबाई सामान आणायला बसने गावात गेले. मुंगी माझ्याजवळ. बस वळणावर दिसेनाशी झाली तशी मी सीटखालून रॉड काढला, कापडी पिशवीत घातला, मुंगीला म्हटलं, “चल, ऑफिसात जायचंय. मला इथली भाषा येत नाही. मी सांगेन ते तू त्या बाईंना सांगशील?”

“काय सांगायचंय?”

तिथेच, वाटेवर, पाण्याच्या नळापाशी सांगितलं. खाली बसले तिच्यासमोर. गुडघे कटाकट वाजले. “मुंगे, चादर मी ओली करत होते. तू नाही. एकदाही तू नाही.”

ती बघतच राहिली. मला वाटलं होतं रडेल, किंवा हसेल. कपाळाला आठी घालून म्हणाली, “मग मी सॉरी का म्हटलं?”

“मी गप्प बसले म्हणून. मला लाज वाटली.”

“तू मोठी आहेस ना पण?”

“मोठी आहे. म्हणूनच जास्त वाटली.”

हे काही तिला पटलं नाही. “आता तू सॉरी म्हण.”

“सॉरी, मुंगी.”

“असं नाही. बाबांसमोर. मी म्हटलं तसं.”

“म्हणेन.”

मग तिने माझं बोट धरलं. प्रेमाने वगैरे नाही, काम आहे म्हणून.

ऑफिसात आमच्या पुढे सायकलवाली जोडी, मागे पाव घ्यायला आलेला एक जण. आमची पाळी आली. मी रॉड काढून टेबलावर ठेवला. ऑफिसातली बाई खुर्चीसकट मागे सरकली! मुंगी टाचा उंच करून बोलायला लागली. मी एकेक वाक्य सांगत गेले. हा रॉड आमचा. लाइट यामुळे गेले. त्या आजोबांमुळे नाही. मला माहीत होतं, मी बोलले नाही.

बाईने रॉड उलटापालटा करून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

“त्या विचारतायत, गाडीत गरम पाणी असतं तर हे कशाला? सांगू?”

मागचा पाववाला ऐकत होता. सायकलवाली जोडीही दारातच नकाशा बघत उभी.

“सांग.”

मुंगीने सांगितलं. मोठ्याने, खणखणीत, बालवाडीत कविता म्हणतात तसं. मधला एक शब्द ओळखीचा होता, घरी शू आली की ती तोच म्हणते. आणि माझ्याकडे बोट दाखवलं — गोंधळ नको म्हणून!

जमीन पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, तसं झालं. जमिनीने काही घेतलं नाही. पाववाल्याने पायाकडे बघितलं. ऑफिसातली बाई माझ्याकडे बघत राहिली, मग किल्ल्या घेतल्या, ‘एका मिनिटात येते’ची पाटी दारावर लावली आणि आम्हाला खाली घेऊन निघाली.

आजोबा गाडीच्या पायरीवर बसून सफरचंद कापत होते. बाईने सांगितलं. मग मुंगीने तिच्या पद्धतीने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, शूसकट. मी हात जोडून उभी. ते चाकू थांबवून ऐकत होते. मग बोलायला लागले, बराच वेळ, खालच्या आवाजात.

“काय म्हणतायत?”

“सगळं नाही कळलं. ते म्हणाले, मी सांगत होतो, मी सांगत होतो, कुणी ऐकलं नाही.”

“अजून?”

“अजून काही नाही. रागावलेत.”

त्यांनी सफरचंदाची एक फोड मुंगीला दिली. मला दिली नाही. बरोबरच आहे. पण आम्ही निघालो तेव्हा माझ्याकडे पाहिलं एकदा. रविवारी सकाळी वाटेवर पाहिलं होतं ना, तसं. या वेळी मी तोंड फिरवलं नाही.

बस आली तोवर ऑफिसातल्या बाईने आमची वायर खांबावरून काढून, नीट गुंडाळून दारात ठेवली होती. आजोबा वर येणार, आम्ही खाली जायचं. मुलगा पिशव्या घेऊन उभा, वायरकडे बघत. “आई, तू गेलीस?”

“गेले.”

“मी नको म्हटलं होतं!”

“हो.”

सूनबाईने त्याच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. “ट्रॅक्टर कशाला बोलवायला हवा?” ती शांतपणे म्हणाली. “तू जा आणि त्यांची गाडी आपल्या गाडीला जोडून वर घेऊन ये. आणि जे बोलला होतास तेवढ्याच मोठ्याने बोल.”

तो गेला. काय बोलला कळलं नाही, लांब होता. मान खाली होती. स्कूटर त्याने हाताने ढकलत चढावरून वर आणली, खांबाला वायर लावली आणि हिरवा दिवा लागेपर्यंत तिथेच उकिडवा बसला.

संध्याकाळी मुंगीने आम्हा दोघांना टेबलासमोर उभं केलं. आधी मी सॉरी म्हटलं. मग तो म्हणाला. त्याला दोनदा म्हणायला लावलं, पहिलं ऐकू आलं नाही म्हणे.

बुधवार, १७ मे

रात्र अंधारात काढली, मेणबत्ती लावून जेवलो. सकाळी निघताना खांबाशी आजोबा होते. मुंगीने हात हलवला. त्यांनी हलवला. चिरंजीवांनी गाडी हळू केली, आजोबांनी मान हलवली. एवढंच.

वाटेत औषधाच्या दुकानापाशी सूनबाई उतरली. मोठ्या माणसांचे पॅड घेऊन आली, पुडकं उघडंच, हातात मिरवत, मुद्दाम! “आई, परत गेल्या गेल्या डॉक्टर. माझ्याबरोबर. आणि आता पाणी प्या बघू, दोघी.”

ह्यांचा फोन. रॉड कुठाय? — ऑफिसात जमा. का? — सांगितलं का ते. मग म्हणाले, “मला सांगायचंस गं.” रॉडबद्दल नव्हते बोलत.

गुरुवार, १८ मे

नवा कॅम्प. लाइट इथेही जातात. आमच्यामुळे नाही!

शुक्रवार, १९ मे

पहाटे हाताला चादर ओली लागली. चाचपून पाहिलं, तर मी कोरडी. माझी बाजू कोरडी. ओल मुंगीच्या बाजूला.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे घट्ट मिटलेले, पण जागी. श्वास रोखून धरलेला. इतके दिवस जे केलं नव्हतं त्याबद्दल बोलणी खाल्ली पोरीने, आणि आता हे.

सूनबाई चहाला उठली. दिवा लावला. चादरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आई, परत?”

“हो गं,” मी म्हणाले. “मीच.”